घरचा माणूस

सर्जेराव कंत्राटदाराची जीभ फार गोड होती, आणि गोड जिभेच्या माणसाला खिशात हात घालायची वेळ फारशी येत नाही. नवीन जालन्यातल्या निम्म्या दुकानांची आणि गोदामांची वायरिंग त्याची माणसं करत. त्यांतलाच एक वसंता. चार वर्षांपूर्वी टेंभुर्णीहून काम शिकायला म्हणून आला, शिकून केव्हाच तयार झाला, पण सर्जेरावाच्या लेखी तो अजून शिकतच होता. पगाराचा विषय निघाला की सर्जेराव पाठीवर हात ठेवून म्हणायचा, तू काय कामगार आहेस का, तू तर घरचा माणूस. घरच्या माणसाला दोन वेळची भाकरी होती, निजायला वायरच्या बंडलांची खोली होती, आणि सणासुदीला हातावर पडेल ते होतं. घड्याळ तेवढं नव्हतं. उजाडलं की काम सुरू, आणि दिसेनासं झालं की बंद.

आता कुणी म्हणेल, एवढा तयार गडी, ऐकून का घेत होता? त्याचं कारण त्या एका शब्दात होतं. वसंताचे आईवडील तो लहान असतानाच गेले. चुलत्याकडे वाढला, पण वाढला तो उरलेल्या भाकरीसारखा. त्यामुळे कुणी 'घरचा' म्हटलं की तो पुढचं काही विचारतच नसे. सर्जेरावाच्या घरी तो ओसरीवर जेवायचा. त्याचं ताट कोनाड्यात वेगळं ठेवलेलं असे, जेवण झालं की तो ते स्वतः घासून ठेवी. टेंभुर्णीच्या बौद्धवाड्यातल्या पोराचं ताट वेगळं का, हे कुणी बोलत नव्हतं. त्यानंही कधी विचारलं नाही.

लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि बायको, बेबीनंदा, अजून कुंभार पिंपळगावला माहेरीच होती. बंडलांच्या खोलीत तिला कुठं आणणार? स्टेशनामागं उषाबाईंची एक खोली रिकामी होती. वसंतानं तिची वायरिंग फुकट करून दिली होती, मनातल्या मनात ती आपलीच धरून. दिव्याचं बटण त्यानं जरा खालीच बसवलं होतं. बेबीनंदा ठेंगणी, अंधारात शिरली तर तिचा हात सहज पोचावा. कामावर जाता-येता तो त्या खोलीच्या कुलपाकडे बघायचा आणि त्याचा जीव तिळतिळ तुटायचा. त्याच्याकडं भाड्याचे पैसे जमावेत म्हणून उषाबाईंनी महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं.

ते आणीबाणीचं वर्ष होतं. कचेऱ्यांतले पंखे आणि साहेब, दोन्ही वेळेवर सुरू होत. कामगार खात्याचे, लेबरचे साहेब औरंगाबादहून येणार आणि तेलाच्या गिरणीतल्या कामावर माणसं तपासणार, अशी खबर आली. वसंताला हाताशी धरून शिकवणारे गयासोद्दीन उस्ताद त्याला बाजूला घेऊन सगळं समजावून बोलले. शिकाऊला किती आणि तयार माणसाला किती, हे सरकारनं ठरवून दिलंय. आठ तासांवर काम झालं तर त्याचे पैसे वेगळे. रबरी हातमोजे मालकानं द्यायचे. तू फक्त कामगार आहेस एवढं सांग, तुझी खोली झालीच म्हणून समज. वसंतानं रात्रभर ते वाक्य घोकलं.

साहेब आले, माणसं रांगेत उभी राहिली. वसंताची पाळी आली तसा सर्जेराव पुढं झाला. त्यानं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "साहेब, ह्याला कामगारात धरू नका. ह्यो माझा धाकला भाऊ हाय."

भाऊ! चार वर्षांत हा शब्द कधी आला नव्हता. गिरणीचे मालक ऐकत होते, हमाल ऐकत होते. वसंताचं घोकलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं. साहेबांनी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "व्हय साहेब, घरचाच हाय." साहेबांनी ते कागदावर लिहून घेतलं, आणि त्याखाली त्यानं सहीसुद्धा केली.

साहेब गेल्यावर उस्ताद स्क्रू बसवायच्या सागाच्या गुल्ल्या भिंतीत ठोकत राहिले. त्यांनी वसंताला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की अनोळखी वायर पालथ्या हातानं चाचपायची. सुलट्या हातानं धरली आणि तिच्यात करंट असला तर मूठ मिटते, मग सोडू म्हटलं तरी सुटत नाही. हातोडी खाली ठेवून ते म्हणाले, "वायर पालथ्या हातानं बघायला शिकवलं तुला. माणसाचा शब्द बी तसाच बघायचा असतो, ते शिकवायचं राह्यलं बेटा."

वसंताला ते लागलं, पण पटलं नाही. उस्तादांना चार भाऊ, त्यांना काय कळणार, असं त्याला वाटलं. पुढच्याच आठवड्यात सर्जेरावाच्या बहिणीचं लग्न होतं. त्यानं बेबीनंदाला निरोप धाडला, की आपल्या घरचं लग्न आहे, ये. ती ठेवणीतलं लुगडं नेसून, नवरीसाठी खण आणि बांगड्या घेऊन एस्टीनं आली. मांडवातल्या दिव्यांच्या माळा वसंतानं एकट्यानं लावल्या होत्या, आणि त्या तिला दाखवताना त्याची छाती फुगली होती.

पंगत बसली. वसंता घरच्यांच्या ओळीत टेकणार, तेवढ्यात सर्जेराव हसत आला. वसंता, जरा फ्यूजपाशी थांब, तुझं ताट ओसरीवर वाढलंय, असं तो अगदी मायेनं म्हणाला. सर्जेरावाच्या आई झुंबरबाईंनी बेबीनंदाच्या हातातला खण सुपात टाकून घेतला आणि तिला मागच्या अंगणात भांड्यांकडे पाठवलं. ठेवणीतल्या लुगड्याचा पदर खोचून ती भांडी घासत बसली. फ्यूजपाशी उभ्या वसंताला ती तिथून दिसत होती. त्याला इतकी लाज वाटली की त्यानं तोंड फिरवून घेतलं.

दिवस कलताना तो तिला एस्टीवर सोडायला निघाला. वाटेत उषाबाईंकडून किल्ली मागून त्यानं ती खोली उघडली. आत अंधारच होता. बेबीनंदानं सवयीनं हात वर न्यायला घेतला, तोच बटण बरोबर हाताखाली आलं. दिवा लागला. तिनं बटणाकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

मग त्यानं लेबरच्या साहेबाला काय सांगितलं तेही सांगून टाकलं. ती रागावली नाही. दिवा मालवत म्हणाली, "घरचं म्हणायला मी हाय की तुमाला. तिथं कामगारच ऱ्हावा."

एस्टी गेल्यावर वसंता स्टँडवर बराच वेळ उभा होता. उजवा हात त्यानं उगीचच पालथा करून पाहिला.

साहेब पुन्हा जालन्याला आले तेव्हा तहसिलातल्या खोलीबाहेर वसंता सकाळपासून बसून होता. साहेबांनी जुना कागद काढला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"त्या दिवशी तर घरचा आहे म्हणालास."

"त्या दिवशी कुनीतरी तसं म्हनावं वाटत व्हतं, साहेब. म्हननारी मला आधीच व्हती, माज्या ध्यानात आलं न्हाई."

"मग तू कोण?"

"कामगार."

साहेब म्हणाले, स्वतःच्या सहीविरुद्ध बोलतो आहेस, प्रकरण लांबेल. ते लांबलंच. सर्जेरावानं त्याच संध्याकाळी त्याचं अंथरूण बाहेर ठेवलं, कोनाड्यातलं ताटही वर ठेवायला विसरला नाही. वसंता उस्तादांच्या ओट्यावर राहू लागला. महिना संपला आणि उषाबाईंनी खोली एका मास्तरांना दिली.

मास्तर उंचेपुरे होते. बटण इतकं खाली कुणी बसवलं म्हणून कुरकुरत त्यांनी वसंतालाच बोलावणं धाडलं, की येऊन वर घे, मजुरी देतो. वसंता गेला. भिंतीवरून एकदा हात फिरवला, आणि पिशवी न उघडताच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मास्तर हितंच. हितं ऱ्हायला येनार हाय कुनीतरी."

मास्तरांना काही उमगलं नाही, पण बटण तिथंच राहिलं.