मिठात पुरलेला रेडिओ

मी रेडिओ बोलतोय. म्हणजे सवयीनं तसं म्हणायचं. गेली दोन वर्षं माझ्यावर एकही स्टेशन लागलेलं नाही. बातम्या नाहीत, गाणी नाहीत, शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रमही नाही. आणि तरी या घरात माझा जो थाट आहे, तो गावातल्या रंगीत टीव्हीलाही नसेल. हे कसं घडलं याचं मला अजून नवल वाटतं, आणि नवल पोटात ठेवून बसायचा माझा स्वभाव नाही.

माझा जन्म पंच्याहत्तर सालचा, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात. एका लांब टेबलाशी बायका ओळीनं बसायच्या आणि आमच्यासारख्यांच्या पोटात कथलाचे बारीक बारीक डाग द्यायच्या. हात कोरडा ठणठणीत हवा. कुणी घामेजल्या बोटांनी सर्किटला हात लावला की सुपरवायझर तिला टेबलावरून उठवायचा. पाण्याचा तर सात जन्मांचा वैरी असल्यासारखा धाक होता तिथं.

ज्या बाईनं मला जोडलं, तिचं तोंड काही मी पाहिलं नाही. हात तेवढे पाहिले. सावळे, निमुळते, आणि इतके ठाम की कथील जणू तिच्या हुकुमाची वाट बघत थांबायचं. काम झालं की खूण म्हणून बाकीच्या बायका कारखान्याच्या हिरव्या रंगाचा ठिपका द्यायच्या. हिचा ठिपका घरून आणलेल्या लाल नेलपॉलिशचा. मग कुणीतरी सेल घातले, बटण फिरवलं, आणि माझ्या पोटातून माणूस बोलला. आईशप्पथ सांगतो, मीच दचकलो. कुठला कोण माणूस, कुठं बसलेला, आणि त्याला वाट सापडली ती माझ्या पोटातून.

माझ्या लाकडी पेटीवर एक चरा गेला होता, म्हणून मी दुकानात न जाता कारखान्याच्या फाटकावरच विकला गेलो. घेणारा होता देवजी. अठरा वर्षांचा, बेलापूरच्या खाडीकाठच्या गावातला, मिठागरात राबणारा पोरगा. घरी तो आणि त्याची आई गिरजाबाई, दोघंच.

गिरजाबाईला ऐकू येत नव्हतं. देवजी बारा वर्षांचा असताना तिचे दोन्ही कान वाहायला लागले आणि वाहता वाहता गेले. पुढं दोन वर्षांनी तिचा नवरा नामदेव वारला. जाताना तो काहीतरी बोलला म्हणतात. तिला नुसते ओठ हलताना दिसले. त्यानंतर तिनं बोलणं जवळजवळ सोडलंच. समोरचा काय म्हणतो ते कळत नाही, तर आपण तरी कशाला बोलायचं, असा तिचा सरळ हिशेब. देवजी खुणा करायचा, ती मान हलवायची, आणि संसार चालायचा.

आता देवजीविषयी. मनानं सोनं, पण वस्तू वापरायला निव्वळ आडदांड. मासळीच्या हातांनी माझी बटणं फिरवणार. माडीचा पेला माझ्या डोक्यावर ठेवणार आणि तो कलंडला की लुंगीनं पुसणार. सगळा पावसाळा सेल माझ्या पोटात तसेच कुजत ठेवणार. एकदा झुरळांनी माझ्या आत बिऱ्हाड थाटलं, तर आवाज बसला म्हणून यानं माझ्याच पाठीत चार धपाटे घातले. माणसांची ही एक गंमत आहे. आमच्यात काही बिघडलं की ती आधी आम्हाला मारून बघतात.

पण त्याच घरात माझ्या आयुष्यातलं पहिलं मोठं नवल घडलं. एका दुपारी देवजी मला चालू ठेवून घोरत पडला होता. गिरजाबाई सुकटीनं भरलेलं सूप घेऊन आत आली. मी वाटेत. तिचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून तिनं वाकून मला हनुवटीखाली दाबून उचललं. दोन पावलं चालली आणि जागच्या जागी थांबली. सूप हातातून सुटलं, सुकट घरभर झाली. तिनं दोन्ही हातांनी मला धरलं आणि जबड्याच्या हाडाशी घट्ट दाबलं. माझं लाकूड थरथरत होतं, ती थरथर तिच्या हाडात शिरत होती, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तिला गाणं ऐकू येत होतं.

मी हादरलो. मला वाटायचं आपण कानासाठी जन्मलो. हाडही ऐकतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती उंबऱ्याशी बसायची, मला गालाशी धरून, डोळे मिटून. हळूहळू बोलायलाही लागली. पुण्यात पाऊस झाला, कांदा उतरला, असं शेजारच्या जाईबाईला आपणहून सांगायची. अकरा वर्षं हे चाललं. जगातला सगळा आवाज तिच्याकडं एकट्या माझ्या वाटेनं यायचा, आणि मला त्याचा फार गर्व होता.

मग शहाऐंशी साल आलं. देवजी मला मिठागरावर घेऊन गेला. खाडीचं पाणी आत घ्यायचं दार असतं बांधावर, त्याला उघाडी म्हणतात. तिच्या फळीवर मला ठेवलं, गाणं लावलं, आणि गाण्याच्या नादात हा बहाद्दर तीच फळी उचलायला लागला. भरतीची वेळ. मी धाडकन खाली गेलो. खारं पाणी नाकातोंडात शिरणं म्हणजे काय, ते मला विचारा.

त्यानं उडी मारून मला काढलं, त्याबद्दल तक्रार नाही. पुढं जे केलं ते मात्र मिठागरवाल्यालाच सुचावं. मिठात घातलेली मासळी सुकते हे त्यानं जन्मभर पाहिलेलं. म्हणून त्यानं मला मिठाच्या राशीत पुरलं. सेलसकट. ओल शोषली जाईल आणि आईला कळायच्या आत मी खणखणीत होईन, असा त्याचा बेत. घरी त्यानं खुणेनं सांगितलं, दुरुस्तीला दिलाय.

तिसऱ्या दिवशी मिठाची पाटी भरायला गिरजाबाईच आली. तिचं फावडं माझ्या पेटीला लागलं. तिनं हातांनी मीठ उकरलं, मला पदरानं पुसलं आणि घरी आणलं. संध्याकाळी उंबऱ्याशी बसून मला गालाशी धरलं आणि दिवेलागणीपर्यंत तशीच बसून राहिली. माझ्या पोटात काही म्हणजे काही नव्हतं. देवजी कोपऱ्यात मान घालून बसला होता, आणि मला त्याच्याहून जास्त लाज वाटत होती.

त्यानं दुसऱ्याच दिवशी नवा रेडिओ आणला, छोटा, प्लास्टिकचा. पण त्याची थरथर हाडापर्यंत पोचेना. माझ्यासारखा लाकडी जाड पेटीचा रेडिओ आता कुणी करत नव्हतं. गिरजाबाईचं बोलणं पुन्हा बंद झालं. आठवड्यात तिचं जेवण निम्म्यावर आलं. शेवटी जाईबाई म्हणाली की नेरूळला सिडकोच्या वसाहतीत एक बाई घरी बसून दुरुस्ती करते, तिच्याकडं जा.

त्या बाईचं नाव सरोजिनी. तिची माणसं मूळची मराठवाड्याकडची. एक खोली, खिडकीला पाटी, आत टेबलावर आमच्या जातभाईंचा दवाखाना. बेलापूरच्या ऑफिसातल्या साहेबाचा कॅल्क्युलेटर, त्यात चहा. एका वकिलाचा टेप, त्यात उसाचा रस आणि त्या रसावर मुंग्या. चौदा एप्रिलची जयंती जवळ आली की वस्तीतला लाउडस्पीकरही तिच्याकडंच यायचा. आणि येणारा प्रत्येक जण तेच सांगायचा की आम्ही काही केलं नाही हो, आपोआप बंद पडलं. सरोजिनी मान हलवायची आणि मुंग्या झटकायची.

देवजीनंही तेच सांगितलं. तिनं माझी पाठ उघडली, तर आतून मूठभर मीठ टेबलावर सांडलं. तिनं नुसतं देवजीकडं पाहिलं. मग तिची नजर सर्किटच्या कोपऱ्यात गेली आणि ती थबकली. तिनं बोटानं मीठ बाजूला सारलं. लाल ठिपका तिथं होता.

मी ते हात ओळखले होते. पाठीचा पहिला स्क्रू फिरला तेव्हाच. सावळे, निमुळते, आता भाजल्याच्या खुणा जास्त, कारण कारखाना बंद पडून चार वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ती घरी एकटीच, मदतीविना, दुरुस्ती करत होती. देवजीला ती एवढंच म्हणाली, "हा मी बनवलाय. तुम्ही त्याला लोणच्यासारखा मुरवलात."

मग तिनं स्पिरिट आणि ब्रश घेऊन मला घासलं. तास-दोन तास. स्वच्छ केलं, वाळवलं, डाग नव्यानं दिले. मी क्षणभर खरखरलो आणि मेलो. सकाळी पाहिलं तर अंगावर पुन्हा पांढरी बुरशीसारखी पूड. तिनं परत घासलं. परत पूड. असं तीनदा झालं. चौथ्या दिवशी मायलेक आली तेव्हा सरोजिनी हात टेकून बसली होती. देवजीनं आईकडं बघून हात पालथा केला, नाही होत म्हणून.

गिरजाबाई पुढं आली. नखानं माझ्या आतली पूड खरवडली आणि जिभेवर ठेवली.

"मीठ हाय," ती म्हणाली. पंधरा दिवसांतलं तिचं ते पहिलं बोलणं. "पुसून जायाचा नाय. गोड्या पान्यान बुडव त्याला."

सरोजिनी हादरलीच. ओल्या हातानं टेबलाशी बसायचं नाही हे जिच्या अंगात भिनलेलं, तिनं रेडिओ पाण्यात बुडवायचा? पण समोरच्या बाईनं चाळीस वर्षं खाडीतून मीठ काढलं होतं, आणि दरवर्षी पावसाचं पाणी तेच मीठ कसं मागं घेऊन जातं ते पाहिलं होतं. सरोजिनीनं माझं सर्किट पेटीतून सोडवलं, बादलीभर नळाचं पाणी घेतलं, डोळे मिटले आणि मला सोडलं. तीन पाणी झाली. तिसरं पाणी गिरजाबाईनं चाखलं आणि मान हलवली. मग चार दिवस मी सावलीत, पंख्याखाली पडून होतो. पाण्यानं मेलेला मी पाण्यात हलका होत होतो. एकीला माझ्या तारा ठाऊक, दुसरीला मीठ ठाऊक, आणि दोघींच्या मध्ये मी. मला हात जोडता येत असते तर जोडले असते.

पण सगळं काही परत आलं नाही. स्टेशन पकडणारी बाजू मिठानं पार खाल्ली होती. तांब्याची रेघसुद्धा उरली नव्हती. राहिला होता तो फक्त आवाज मोठा करणारा भाग. ती मायलेक परत आली तेव्हा सरोजिनीनं देवजीला तसं स्पष्ट सांगितलं. तो भिंतीला टेकून खाली बसला. गिरजाबाईला हे काहीच कळलं नव्हतं. तिनं मला उचलून गालाशी धरलं होतं आणि डोळे मिटून वाट बघत होती.

सरोजिनीला ते बघवेना. निदान उरलेला भाग नीट चालतो का पाहू म्हणून तिनं भंगारातला एक छोटा स्पीकर घेतला. स्पीकर उलटा जोडला की तो बोलायचं सोडून ऐकायला लागतो, ही युक्ती तिची लाउडस्पीकरवर शिकलेली. जवळ धरला तर मी शिट्टी घातली, म्हणून तिनं लांब तार लावली, दारात जाऊन उभी राहिली, आणि सवयीनं म्हणाली, "एक, दोन, तीन."

"चार," गिरजाबाई म्हणाली.

सरोजिनीनं देवजीला दंडाला धरून उठवलं आणि दारात उभं केलं. तिनं तो छोटा स्पीकर देवजीच्या हातात दिला आणि बोल म्हणून खूण केली. एवढ्या गड्याला आईशी बोलायची सवयच राहिली नव्हती. घसा खाकरून शेवटी म्हणाला, "आये, जेवलीस का?"

गिरजाबाईनं खाडकन डोळे उघडले आणि दाराकडं पाहिलं, देवजीच्या पलीकडं, बाहेर. "कोन बोलला?"

"मीच, आये. देवजी."

ती त्याच्या ओठांकडं बघत राहिली. तिनं ऐकलेला तिचा देवजी बारा वर्षांचा होता, चिरक्या आवाजाचा. या माणसाचा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता. आणि तरी ओळखीचा होता.

"परत बोल," ती म्हणाली.

तो बोलला. रेडिओ मी पाडला, मी मिठात पुरला, खोटं बोललो, सगळं बोलला. ती रडत होती, पण त्या बोलण्यासाठी नाही.

"तुज्या बापाचा आवाज हाय रं तुज्याजवल," ती म्हणाली.

अकरा वर्षं मी तिच्याकडं दिल्ली आणली, मुंबई आणली, कुठली कुठली माणसं आणली. चार हातांवर बसलेल्या पोराचा आवाज मात्र कधी आणला नव्हता. माझा गर्व त्या दिवशी कुठल्या कुठं गेला.

सरोजिनी म्हणाली होती, कुठून तरी भाग मिळवून स्टेशनंही बसवून देते. गिरजाबाईनं नको म्हटलं. आता अठ्ठ्याऐंशी साल आहे. मिठागरावर भराव पडतोय आणि सिडकोच्या इमारती खाडीकडं सरकतायत. मी उंबऱ्याजवळच्या फळीवर असतो, तार दारापर्यंत. देवजी हात धुऊन, पुसून मगच मला शिवतो, आणि झोपायच्या आधी न चुकता सेल काढतो.

तुम्हालाही माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात माझा कुणी भाऊबंद मुका पडला असेल तर त्याला मारू नका, आणि दुरुस्त करणाऱ्या बाईशी खोटं बोलू नका. बाकी सांगण्यासारखं बरंच आहे, पण आता पुरे. देवजी कामावरून आलाय, त्याच्या चपलांची धूळ उंबऱ्यावर पडतेय, आणि म्हातारीनं मला उचलून गालाशी धरलंय.