सुक्याच्या नावाने गेलेला भेरो

या, बायांनो, बापांनो, असे जवळ सरकून बसा. आज देवाची नाही, आपल्यातल्याच एका माणसाची गोष्ट सांगतो. गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

डहाणूजवळ महादेव राऊतांची चिकूची वाडी. तिथे भेरो कामाला होता. पाकिस्तानातल्या सिंधमधून बायको जमनासोबत आलेला निर्वासित. लपूनछपून नव्हे हो. सरकारने दिलेल्या व्हिसावर, पोलिसांत नोंद करून. नागरिकत्वाचा अर्ज दोघांनी मिळून केलेला. गुरुवारच्या भजनात तो असा सूर लावी, की महादेवदादा डोळे पुसत म्हणत, "हा तर आपलाच!"

एके दिवशी भेरो झाडावरून पडला. पोटात रक्तस्राव. इस्पितळाच्या खिडकीवरची बाई म्हणाली, "मोफत ऑपरेशन इथल्या रेशनकार्डवाल्यांना. हा परदेशी. पैसे भरा, नाहीतर वरून मंजुरी आणा."

"परदेशी?" महादेवदादा भडकले. त्यांच्या वाडीवरचा रानशेत गावचा सुक्या सोबत होताच. वयाने, बांध्याने भेरोसारखा. "सुक्या, तुझं कार्ड दे. आजपुरता हाच सुक्या."

"घ्या ना शेठ. कार्ड घ्या, बायको तेवढी माझी मला राहू द्या!"

स्ट्रेचरवरून भेरो पुटपुटला, "भाई, खोटं नको. माझे कागद खरे आहेत."

"गप रे. आधी जीव वाचू दे."

यंत्रावर अंगठा उमटला नाही. चिकूच्या चिकाने वाडीवाल्यांची बोटं गुळगुळीतच होतात. बाईने कार्डाचा अंधुक फोटो पाहिला आणि पुढे ढकललं. ऑपरेशन झालं, पण भेरो वाचला नाही.

मृत्यूच्या दाखल्यावर मेला सुक्या. जिवंत सुक्याने तिरडीला खांदा दिला. स्मशानात वाडीवरचाच गडी हाल्या म्हणाला, "स्वतःलाच पोचवायला आलास का रे?" कुणी हसलं नाही. पुढच्या महिन्यात रेशन दुकानदारानेही सुक्याला तेच ऐकवलं, "तू तर वारलास!"

मग जमनाला व्हिसाच्या मुदतवाढीसाठी पोलिसांचं बोलावणं आलं. आदल्या संध्याकाळी महादेवदादा तिच्या दारात हात जोडून उभे. "जमनाबेन, खरं सांगितलंस तर सुक्या तुरुंगात जाईल. त्याची पोरं उघड्यावर पडतील." स्वतःचं नाव त्यांनी घेतलं नाही.

जमना म्हणाली, "त्यांनी नको म्हटलं होतं, भाई. तुम्ही ऐकलं नाहीत."

ठाण्यात साहेबांनी विचारलं, "नवरा कुठाय?"

जमना म्हणाली, "माहीत नाही साहेब. निघून गेला."

"म्हणजे फरार. त्याला हजर कर, मग तुमचा दोघांचा अर्ज बघू."

तेव्हापासून अर्ज पडून आहे. महादेवदादांचं भजन चालूच आहे. आपण सगळे मायाळू, भेरोला आपल्यातलं नाव देऊन मोकळे झालो. त्याला स्वतःच्या नावावर औषध मिळायला हवं, हे मागायला मात्र त्या खिडकीशी कुणी उभं राहिलं नाही. मंजुरी आणायला कुणी धावलं नाही.

जमना ठाण्यात हजेरीला जाते तेव्हा हातभर बांगड्या घालते, कुंकू लावते. नवरा जिवंत असल्यासारखं दिसावं लागतं ना. तिला उघड रडताही येत नाही. म्हणून माऊलींनो, आज हात जोडाल तेव्हा भेरोची आठवण करा. सुक्याची नव्हे, भेरोची.