कोरड्या तळ्याची मोजणी

"पृथ्वीच्या पाठीवर तळ्याकाठचे मुलूख तीनच," उकंडराव देशमुखांनी जाहीर केलं. "एक मानससरोवराचा, दुसरा पंपासरोवराचा अन् तिसरा आमच्या काठसावळीचा. पह्यल्या दोघाईचं मले पक्कं ठाऊक नाई."

असं म्हणून त्यांनी उजवा हात ऐटीत मागं पसरला. मागं त्यांचं प्रख्यात सावळतळं होतं. महिना वैशाखाचा असल्यामुळे त्यात पाणी तेवढं नव्हतं. भेगाळलेली काळी माती होती आणि तिच्या ऐन मधोमध एक गाढव चारी पाय आभाळाकडे करून धुळीत लोळत होतं.

"वा!" बद्रुद्दीन पिंजारी म्हणाला. "पन देशमुख, हात मागं नका करू. साहेब तिकडंच पाहीन."

ही नुसती तालीम होती. मोजणीचा गोरा साहेब दुपार उतरल्यावर यायचा होता. तो आला की त्याला या मुलखाचा इतिहास आणि भूगोल असा ऐकवायचा, की तळं आहे हे त्यानं डोळे मिटून कबूल करावं. उघड्या डोळ्यांनी कबूल करणं अवघड होतं, हे उकंडरावांनाही दिसत होतं.

वेळच तशी आली होती. सातासमुद्रांपलीकडे अमेरिका म्हणून कुठंतरी दोन भाऊ वाटणीवरून लढत आहेत, अशी बातमी काठसावळीला पोचली होती. भांडण कशाचं, हे गावानं विचारलं नाही. ते मिटू नये एवढंच मागणं होतं, आणि शनिवारी मारुतीला तेल वाहताना काही जण ते मोठ्यानं मागत. कारण तिकडचा कापूस अडकला की विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस गोड लागे. मग काय! गावानं ज्वारी मोडली, तूर मोडली, अंगणं नांगरली. पुजाऱ्यानं तुळशीला खेटून कपाशीची चार झाडं लावली आणि देवाला आधी विचारलं होतं म्हणून सांगितलं. एवढ्या कापसाच्या ढिगात बद्रुद्दीन पिंजारी मात्र बेकार बसला होता. सगळा कापूस गाड्या भरभरून मुंबईच्या वाटेला लागे, आणि गाव आपल्या जुन्या, पापडासारख्या चपट्या गाद्यांवर श्रीमंतीची स्वप्नं पाहत झोपे.

कपाशीवाचून मोकळी अशी एकच जागा उरली होती. तळं.

त्या जागेवर डोळा होता चंद्रभानचा. चंद्रभान म्हणजे उकंडरावांचा चुलतपुतण्या. याच गावच्या धुळीत वाढला, पण आता अमरावतीला कापसाची आडत घालून बसला होता. चालताना करकर वाजणारे जोडे घाली, आणि जोडे वाजावेत म्हणून उगीच चाले. तळ्याचा बांध फोडून पाणी नाल्याला लावून द्यावं, आतल्या काजळासारख्या मातीत कपाशी पेरावी, असं त्याच्या मनात होतं. त्यासाठी साहेबानं नकाशात त्या जागी 'जमीन' लिहिणं पुरे होतं. जमीन लिहिली की सरकार तिचा लिलाव करणार आणि बोली चंद्रभान लावणार.

"काकाजी," तो सकाळीच येऊन सांगून गेला होता, "तुमी तळं तळं करून राहिले, पन आठ महिने पानी असते अन् चार महिने गाढव. तुमच्यासाठी कापसाचा भाव थांबन का?"

भाव थांबणार नव्हता, पण प्रश्न पाण्याचा होता. तेल्हाऱ्याकडून पूर्णेपर्यंतचा तो सगळा पट्टा खारा. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, आणि पाहुणा दुसऱ्या मुक्कामाला राहत नाही. गोड विहिरी फक्त काठसावळीच्या, कारण पावसाळ्यात तुडुंब भरलेलं तळं वर्षभर हळूहळू जमिनीत मुरत त्यांना पाजत असे. तळं आटे, विहिरी आटत नसत. तळं गेलं तर काठसावळीही बाकीच्या गावांसारखीच खारी होणार होती.

"तुमच्या इतिहासात हे सांगजा," त्यांच्या बायको सुभद्राबाई शेजारी बसून सुपात दाणे पाखडता पाखडता म्हणाल्या. "मी या गावात आली थे गोड पान्यापायी. माह्या बापानं विहीर चाखून पाह्यली अन् मंग हो म्हनलं."

"अन् मले पाह्यलं नाई?" उकंडराव.

"पाह्यलं ना. म्हनून तर विहीर दोनदा चाखली."

बद्रुद्दीन खोकला आल्याचं निमित्त करून बाजूला गेला.

उकंडरावांनी त्या दिवशी आणखी एक बंदोबस्त केला होता. तळ्यातून कुणी जायचं नाही, अशी दवंडीच पिटवली. त्याला कारण काठसावळीचा एक रिवाज. कोरड्या तळ्यातून पलीकडे जायचं असलं तरी तळ्याकाठची माणसं धोतरं-लुगडी वर खोचून जात. काठाशी घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत, एकट्या जुन्या चिंचेच्या रेषेत गुडघ्याच्या वर, आणि मधोमध गेलं की वहाणा काढून डोक्यावर, गाठोडं त्याच्यावर. असं का, ते कुणाला सांगता येत नसे. आईच्या कडेवर बसून तळं ओलांडताना जे अंगात मुरतं ते मुरतं. "पानी नसन आज, पन जागा त पान्याचीच हाये," एवढं म्हातारी माणसं बोलत आणि पुढं चालू लागत. हा प्रकार साहेबानं पाहिला तर सगळं गाव वेडं आहे अशी नोंद व्हायची, आणि वेड्यांच्या तळ्याला कोण विचारतो! या भीतीनं उकंडरावांना रात्री झोप लागली नव्हती.

साहेब आला. लालबुंद, लांब पायांचा, घोड्यावर बसूनही जमिनीला टेकेल असा. बरोबर साखळी धरणारी माणसं, बावटे, आणि पुण्याचे शिरस्तेदार केशवराव. केशवरावांना वऱ्हाडी बोली ऐकली की दाढ दुखल्यासारखं होई, पण नोकरी होती. चंद्रभान जोडे करकरवत साहेबाच्या उजव्या हाताला आधीच उभा होता.

"साहेब विचारतात," केशवराव म्हणाले, "हे तळं खणलं कोणी?"

उकंडरावांनी घसा साफ केला. "पह्यल्यांदा पांडवांनी. मंग गवळी राजानं. मंग माह्या आज्यानं."

"एकच तळं तिघांनी खणलं?"

"पह्यल्या दोघाईनं काम अर्धवट सोडलं जी."

केशवरावांनी हे साहेबाला कसं सांगितलं कोण जाणे, पण साहेबानं उकंडरावांच्या आज्याबद्दल आदर वाटल्यासारखी मान हलवली.

"आणि सावळतळं हे नाव?"

"पानी सावळं असते म्हनून."

"पाणी कुठे आहे?"

"थे सध्या आतमंधी हाये," उकंडराव म्हणाले. ही गोष्ट खरी होती, विहिरी साक्ष होत्या, पण बोलल्यावर त्यांचं त्यांनाच ते लबाडाचं वाटलं.

साहेबानं दुर्बीण लावून सगळीकडे पाहिलं. मग त्यानं साधी गोष्ट विचारली. तळं असेल तर त्याला काठ असेल. काठ कुठून कुठपर्यंत?

उकंडरावांनी चिंचेकडे बोट दाखवलं. बद्रुद्दीन म्हणाला, चिंच तर पाण्यात उभी असते, काठ इकडं महादेवाच्या ओट्यापाशी. पुजारी म्हणाला, ओटा कसा बुडेल, देव आहे तिथं. मग तिघं तिघांकडे पाहू लागले आणि गर्दीतली उरलेली माणसं आपापले काठ सांगू लागली. साहेबानं कपाळावरचा घाम पुसला. ज्या तळ्याला काठ नाही ते नकाशात काढायचं कसं, असं तो म्हणत असावा, कारण केशवरावांनी खेदानं हात हलवले. साहेबानं शिसपेन्सिल उचलली.

"म्या सांगितलं होतं ना साहेब," चंद्रभान गोड आवाजात म्हणाला, "ही जमीन हाये. उगी बुढे लोक तळं म्हनतेत."

उकंडरावांचा हात मिशीकडे गेला. आयुष्यभर ज्या पाण्याच्या जोरावर मिशीला पीळ दिला, ते पाणी एका पेन्सिलीच्या टोकाशी येऊन थांबलं होतं. भाषणातला पंपासरोवराचा भाग अजून राहिला होता, पण तो ऐकणार कोण?

नेमकं तेव्हाच पलीकडच्या काठावर वाजंत्री वाजली.

दवंडी पलीकडच्या गावी पोचलीच नव्हती. लग्नाची तिथ होती. त्या गावची नवरदेवाची मिरवणूक उन्हाचा वळसा वाचवायला सरळ तळ्यात उतरली. आणि उतरता उतरता सगळ्यांची वस्त्रं वर चढू लागली. बायकांनी लुगडी खोचली. बाप्यांनी धोतराचे काष्टे आवळले. गुडघ्यापर्यंतच्या जागी आल्यावर वाजंत्रीवाल्यांनी ढोल डोक्यावर घेतले आणि वरच्यावर बडवू लागले. नवरदेवाला मामानं खांद्यावर घेतलं. मधोमध आल्यावर त्या सगळ्यांनी हनुवट्या जरा वर केल्या, जणू पाणी गळ्याशी आलंय. कोरड्या मातीतून, धुळीचे लोट उडवत.

उकंडरावांनी डोळे मिटून घेतले.

साहेबानं दुर्बीण डोळ्यांवरून काढली, पुसली, पुन्हा लावली. काहीतरी पुटपुटला.

"साहेब विचारतात," केशवरावांचा आवाज पहिल्यांदाच डगमगला, "ही माणसं कशातून येताहेत?"

बद्रुद्दीनला पुन्हा खोकला आला. चंद्रभानचा मात्र पारा चढला. अमरावतीहून आणलेला सगळा आब जाऊ लागला होता.

"अडानी लोक हायेत साहेब!" तो ओरडला. "रिकामी सवय. पान्याचा थेंब नाई! थांबा, मी जाऊन दाखवतो. पाहा, कशी टनक जमीन हाये थे!"

आणि तो तरातरा तळ्यात उतरला. "पाहा!" त्यानं चालता चालता मागं वळून सांगितलं. "जमीन! हे ढेकूळ पाहा! याले पानी म्हनतेत का?" साहेब पाहत होता. चंद्रभानचा डावा हात धोतराकडे गेला. "इथं कपाशी कशी येईन, सांगा तुमीच!" धोतर पोटरीपर्यंत आलं. "खत नाई लागनार, काई नाई!" धोतर गुडघ्याच्या वर गेलं. "इतकी जमीन वाया जाऊन राहिली!" असं तो मधोमध उभा राहून ओरडला तेव्हा त्याचे करकरते जोडे त्याच्या डोक्यावर होते, एक हात त्यांना सांभाळत होता आणि हनुवटी किंचित वर होती.

हसावं की नाही, हे गावाला साहेबाकडे पाहून ठरवायचं होतं.

साहेब आधी हसला नाही. त्यानं साखळीवाल्याला हाक मारली. चंद्रभानचं धोतर पहिल्यांदा जिथं उचललं गेलं तिथं एक बावटा. परतताना जिथं खाली येईल तिथं दुसरा. मग त्यानं गावातल्या पाचपन्नास माणसांना वेगवेगळ्या बाजूंनी तळ्यात सोडलं. पुजारी, बद्रुद्दीन, लग्नातल्या म्हाताऱ्या, सगळ्यांना. ज्यांचं तोंडानं एकमत होत नव्हतं, त्यांची धोतरं-लुगडी जवळजवळ एकाच रेषेत वर गेली. बावट्यांची एक मोठी, वाकडीतिकडी, भरगच्च माळ तळ्याभोवती उभी राहिली. ओटा पाण्याबाहेर निघाला. पुजाऱ्यानं हात जोडले. चिंच पाण्यात गेली. इतका वेळ मधोमधच उभा राहून हे पाहणारा चंद्रभान आता पोटऱ्या उघड्या ठेवून बांधाकडे आला.

"अरे चंद्रभान," सुभद्राबाई बांधावरून ओरडल्या, "धोतर सोड आता! काठ आला!"

चंद्रभाननं खाली पाहिलं. मग डोक्यावरचे जोडे हातात घेतले आणि त्यांच्याकडे पाहिलं. मग आधी तो हसला, मग साहेब हसला, आणि मग गावाला परवानगी मिळाल्यासारखं झालं.

"काकी," चंद्रभान म्हणाला, "लहानपनी तुमीच मले याच्यातून नेत होत्या ना?"

"मंग! दोनदा बुडता बुडता वाचला तू. एकदा त वैशाखात."

साहेबानं पेन्सिल फिरवली. बावट्यांच्या आतली सगळी जागा त्यानं निळी रंगवली. गावानं निळा रंग इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. केशवरावांनी खाली मोडीत लिहिलं, तळं, सरकारी, गावाच्या वहिवाटीचं. बांधाला कुणी हात लावू नये. चंद्रभाननंच सगळ्यांत आधी वाकून वाचलं आणि म्हणाला, "बरं झालं बाप्पा. अमरावतीले पानी लय खारट हाये. मी इथूनच नेत असतो घागर." आपण तळं विकत घ्यायला आलो होतो हे तो विसरला होता, किंवा त्यानं तसं दाखवलं. दोन्हीत फारसा फरक नव्हता.

लग्नाच्या वाजंत्रीवाल्यांनी ढोल खाली घेऊन पुन्हा वाजवायला सुरुवात केली. नवरदेवाकडच्यांनी साहेबाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. उकंडराव पुढं झाले. मुलखाचं भाग्य, काठसावळीचा महिमा, सरकारची न्यायबुद्धी, सगळं एकाच भाषणात घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी उजवा हात पसरला.

केशवरावांनी त्यांना हळूच थांबवलं.

"देशमुख, साहेब तुमचे आभार मानतात. एवढं मोठं, एवढं सुरेख तळं त्यांना या जिल्ह्यात दुसरं सापडलं नाही म्हणतात." त्यांनी जरा घुटमळून घोड्याकडे पाहिलं. "फक्त एक विचारताहेत. घोडा सकाळपासून तहानलेला आहे. त्याला पाणी कुठं पाजायचं?"