सुल्लाची यादी

सौमित्र, माझा मुलगा, रोज ऑफिसला जाताना मला इथल्या, अमेरिकेतल्या रेडमंडच्या लायब्ररीत सोडतो. वीस मिनिटांचा रस्ता, पाऊस असला तर तीस. त्या वेळात मी त्याला सुल्लाची गोष्ट सांगत असे.

सुल्ला हा रोमन सेनापती, सीझरच्या आधीच्या पिढीतला. अमरावतीला कॉलेजात ग्रंथपाल होतो तेव्हापासून मी त्याच्यावर एक पुस्तक लिहितो आहे. ते कोणाला हवं आहे, हे मलाही माहीत नाही. एकवीस वर्षांत घरातल्या कोणी त्यातलं एक पान मागितलं नव्हतं. त्यामुळे गेल्या ऑक्टोबरात सिग्नलला थांबल्यावर सौमित्रने "मग पुढे काय केलं त्याने?" असं विचारलं, तेव्हा मी हुरळून गेलो.

सांगत गेलो. सुल्ला मोठ्या घराण्यातला, पण भाड्याच्या खोलीत राहणारा. मारियस या बड्या सेनापतीच्या हाताखाली आफ्रिकेत गेला. तिथल्या शत्रुराजाला त्याच्याच सासऱ्याला फितवून पकडलं. विजयाची मिरवणूक मात्र मारियसची निघाली. सुल्लाने त्या प्रसंगाचं चित्र कोरलेली अंगठी करून घेतली आणि प्रत्येक पत्रावर तिचा शिक्का मारू लागला.

"बॉसच्या नाकासमोर!" सौमित्र स्टिअरिंगवर हात आपटून हसला. "सॉलिड आहे हा माणूस, बाबा."

त्याचा बॉस नरेंद्र. एका मोठ्या हॉस्पिटलचं काम सौमित्रने आणलं होतं आणि स्टेजवर सत्कार नरेंद्रचा झाला होता. पुढच्या आठवड्यापासून सौमित्रच्या प्रत्येक ईमेलखाली त्या करारावर सह्या होतानाचा छोटासा फोटो दिसू लागला. मला हे ज्ञानदाकडून कळलं. ती त्याच्याच कंपनीत इंजिनिअर, अकोल्याची. दर शनिवारी येऊन माझी हस्तलिखित पानं टाईप करते आणि मोबदला म्हणून फक्त पोहे खाते.

"नरेंद्रसरांचा चेहरा बघायला हवा होता, काका," ती म्हणाली होती. मीही हसलो होतो.

डिसेंबरात, सुल्ला स्वतःच्याच शहरावर, रोमवर, सैन्य घेऊन चालून गेला तो भाग मी सांगितला. त्याचे जवळजवळ सगळे अधिकारी त्याला सोडून गेले, शिपाई मात्र राहिले.

"म्हणजे मधल्या लोकांना विचारायचंच नाही," सौमित्र म्हणाला. तो माझ्याशी बोलत नव्हता.

जानेवारीत नरेंद्रच्या टीममधली मुलं त्याला वगळून थेट वरच्या साहेबांकडे गेली. पंधरा दिवसांत नरेंद्रने 'कुटुंबाला वेळ देण्यासाठी' राजीनामा दिला आणि त्याची केबिन सौमित्रला मिळाली.

माझ्या पुस्तकामुळे हे झालं असं मानणं हा अहंकारच, असं मी स्वतःला बजावलं. महत्त्वाकांक्षी माणसाला पुस्तक लागत नाही. तरीही सकाळी जिन्यावर त्याची पावलं वाजली की मी चमचा आवाज न करता बशीत ठेवू लागलो. मी त्याच्या घरात राहतो. मला इथे त्यानेच आणलं आहे. गाडीत तो "हं, बोला" म्हणाला की मी बोलत असे. थांबायचं कसं, ते मला समजत नव्हतं.

फेब्रुवारीत यादीचं प्रकरण आलं. सुल्ला जिंकला आणि रोममध्ये माणसं मारली जाऊ लागली. पाळी कोणाची, कोणालाच कळेना. तेव्हा सिनेटच्या एका तरुण सभासदाने धीर करून विचारलं, ज्यांना मारायचं आहे त्यांना सोडा असं आम्ही म्हणत नाही, पण ज्यांना ठेवायचं आहे त्यांचा टांगणीला लागलेला जीव तरी मोकळा करा. सुल्ला म्हणाला, कोणाला ठेवायचं ते अजून ठरलेलं नाही. मग मारायचं कोणाला ते तरी सांगा, असं तो तरुण म्हणाला. सुल्लाने यादी लावली. पहिल्यांदा ऐंशी नावं. एक दिवस सोडून आणखी दोनशेवीस.

सौमित्रने लेन बदलली. मग म्हणाला, "मलाही पुढच्या शुक्रवारी यादी द्यायची आहे. चाळीस जणांना नारळ. कोणाला बोलू नका, बाबा."

शनिवारी ज्ञानदा नेमकं तेच पान टाईप करत होती. मध्येच तिची बोटं थांबली.

"काका, आमच्याकडेही असंच काहीतरी चाललंय. लोक कॅन्टीनमध्ये बोलेनासे झालेत. तुमच्या कानावर काही?"

मला खोटं बोलता येत नाही, निदान लगेच तरी. "चाळीस," मी म्हणालो.

तिने लॅपटॉपवरून हात काढून मांडीवर ठेवले. तिचा व्हिसा नोकरीवर आहे. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा.

"एप्रिलमध्ये आई येतेय. तिकीट काढलंय. माझं नाव असेल तर असू दे यार... सॉरी, काका. पण कॅन्सल करू की नको, एवढं तरी कळू दे. विचाराल?"

मी हो म्हणालो. आमच्या पिढीत वडीलधाऱ्याने शब्द टाकला तर काम व्हायचं किंवा राहायचं. बिघडायचं मात्र नाही.

सोमवारी गाडी हायवेला लागल्यावर मी तो शब्द टाकला. "ती ज्ञानदा. मुलगी गुणी आहे. तिचं नाव त्या यादीत नाही ना?"

त्याने रेडिओ बंद केला. "यादी आहे हे तिला कोणी सांगितलं?"

'मी.' एकच अक्षर होतं. "लोक बोलत असतील," मी म्हणालो.

"हं," तो म्हणाला. लायब्ररीपाशी मी उतरताना त्याने मागच्या सीटवरची माझी छत्री काढून हातात दिली.

पुढच्या आठवड्यात बुधवारी चाळीस जणांना दहा मिनिटांच्या मीटिंगचं बोलावणं आलं. त्यांत ज्ञानदा होती.

शनिवारी ती येईल असं वाटलं नव्हतं. आली. स्वतःचा जुना लॅपटॉप घेऊन. "चला काका, आता वेळच वेळ आहे," म्हणाली आणि हसायला गेली. मी पोह्यांची बशी तिच्यापुढे ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. सौमित्रजवळ तिचं नाव मी घेतलं, आणि यादीचं तिला मी सांगितलं हे त्याच्यापासून लपवलं.

ती बशीकडे बघत राहिली. "मी विचारा म्हटलं होतं. कोणासाठी ते सांगा, असं नव्हतं म्हटलं, काका."

सौमित्र कॉफी घ्यायला खाली आला तेव्हा आम्ही दोघं तसेच होतो. मी खुर्चीची पाठ धरली.

"सौमित्र, तिला यादीचं मी सांगितलं होतं. तिची काही चूक नाही."

"माहितीये, बाबा." त्याने कपात कॉफी ओतली. "त्याच दिवशी कळलं. तुम्ही दुसरं कोणाला भेटताच कुठे?"

"मग तिला का?"

"ती विचारायला लागली. उद्या दुसऱ्याने विचारलं असतं." मग तिच्याकडे वळून, अगदी सभ्यपणे, "नथिंग पर्सनल, ज्ञानदा. रेफरन्स हवा असेल तर सांग."

तिने लॅपटॉप मिटला, बॅगेत घातला. मला म्हणाली, "येते, काका," आणि माझी पानं टेबलावरच ठेवून निघाली. पोहे तसेच होते.

दार लागल्यावर सौमित्र तिच्या खुर्चीत बसला. वरचं पान उचलून त्याने दोन-चार ओळी वाचल्या. "पुढचं प्रकरण कशावर आहे?"

ते माझ्या खोलीत, उशीखाली होतं. यादीनंतर सुल्लाने सत्ता कशी पक्की केली, त्यावर. साठ पानं.

"पुढचं लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

त्याने पान खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. लहानपणी ताप आला की मी त्याच्याकडे पाहायचो तसं, बारकाईने.

"लिहा की सावकाश," तो म्हणाला. उठता उठता त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घाई काय आहे? तुम्ही कुठे जाणार आहात?"