उभ्या चिरेचं पातं

करवतीच्या दोन दातांच्या मधल्या खाचेत डिंकाचा एक काळा कण राहिलाच होता — मोहरीएवढा — आणि तो दिसला तेव्हाच सालोमीच्या लक्षात आलं की नवऱ्याच्या हातात भलतंच पातं आहे. बारीक, दाट दातांचं. आडव्या कापाचं. काल रॉकेलने पुसता पुसता त्याच कणापाशी कंटाळून तिने ते सोडून दिलं होतं आणि मग पाती परत टांगताना... ह्याचा खिळा त्याला, त्याचा ह्याला, असंच झालं असणार. कंबर इतकी भरून आली होती की खिळे कोण बघतो.

पण ॲन्सेल्मने तरी बघायचं ना.

टेबलावर ऐनाच्या लाकडाचा पाच बोटं जाड वासा आडवा पडला होता. देवळाची घंटा त्याला टांगायची. तो उभा चिरायचा म्हणजे मोठ्या, विरळ दातांचं, खोल खाचांचं पातं हवं — भुशाला बाहेर पडायला वाट हवी. दाट दात उभ्या चिरेत गुदमरतात, पातं तापतं, लाकूड त्याला आवळून धरतं आणि मग वासा उलटा अंगावर येतो... हे सगळं त्याचंच बोलणं. एशियाडच्या वर्षी लोकांनी टीव्ही घेतले, ह्याने ही मोटरची करवत घेतली, तेव्हापासून ऐकत आलेलं. पातं तो दारातूनच ओळखायचा. आणि आज हात सरळ खिळ्याकडे गेला, पातं घेतलं, बघितलं नाही... बघितलं नाही, की दिसलं नाही?

तिला एकेक आठवू लागलं: चहाच्या कपाशेजारी चाचपत टेकलेला हात. देवळात मिस्साला गाण्यांचं पुस्तक मिटून पाठ गाणं. संध्याकाळी सायकल हातात धरून चालत येणं — "पाय मोकळे होतात." म्हणजे पाती तो खिळ्यांवरून ओळखत होता, कधीपासून कोण जाणे. आणि नेमकी तीच पाती तिने अदलून-बदलून टांगली.

"ईस्टरच्या रात्री घंटा वाजायला हवी बरं, ॲन्सेल्म," वासा घेऊन आलेला फर्डिनंड भुशाच्या पोत्यावर बसून म्हणाला. "नाहीतर प्रभू उठायचा नि आम्ही सगळे झोपलेले."

"तू झोपू नको म्हणजे झालं. तुझ्या घोरण्यात घंटा कोणाला ऐकू येणार." ॲन्सेल्म पातं दांड्यावर चढवत होता.

बोल, सालोमी... पण काय बोलू मी? फर्डिनंडसमोर? मिस्सानंतर साऱ्या गावात होईल, सुताराला दिसत नाही म्हणे, मग ह्याच्याकडे लाकूड कोण टाकेल? शिवाय तिचा नेम. बाकीच्यांनी उपवासकाळात मटण सोडलं होतं, तिने त्याला आडवं बोलणं सोडलं होतं. राखेच्या बुधवारपासून एकदाही नाही. जीभ सांभाळून सांभाळून दमली होती ती — की न बोलण्यातच विसावा मिळत होता? हातात धरलेली सायकल रोज दिसत असताना काहीच न विचारणं, ही भक्ती होती की आळस?

त्याने नट आवळला. बटणाकडे जाता जाता थांबला. मान न वळवता, खालच्या आवाजात म्हणाला, "बसलंय ना गं नीट?"

इतक्या वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं.

"उतरवा ते," ती म्हणाली.

का, असं त्याने विचारलं नाही. तेच तिला सगळ्यात जड गेलं. नट सोडून त्याने पातं काढलं, बाजूला ठेवलं नि रिकामा हात पुढे केला. तिने भिंतीवरून मोठ्या दातांचं पातं आणून त्या हातावर ठेवलं. त्याचा अंगठा एका खाचेत शिरला आणि क्षणभर तिथेच राहिला.

"बायकोला विचारून करवत चालवतोस काय रे?" फर्डिनंड हसला.

"तुझ्यासारखा न विचारता शिव्या खात नाही."

मोटर सुरू झाली. ऐन बिनतक्रार चिरत गेला, तपकिरी भुसा पायांवर साचू लागला. पलीकडच्या टोकाला उभी राहून ती निघणारं लाकूड ओढून धरत होती, नेहमीसारखीच — फक्त डोळे लाकडावर नव्हते, त्याच्या बोटांवर होते. आज बोटांवर, उद्या विहिरीच्या काठावर, देवळाच्या पायऱ्यांवर... त्याने सांगितलं तरी, न सांगितलं तरी. भुसा डोळ्यांत जात होता. इतकी दमलेली असूनही तिला पापणी मिटवत नव्हती. उपवास ईस्टरच्या रविवारी सुटतो; ह्या बघण्याला रविवार नव्हता.