पोलिक्सेनीचे नाव आणि उजव्या पायाची सपात

मी एक जुनी सपात आहे, उजव्या पायाची. डावी माझी बहीण. पण ती पडली मुखदुर्बळ, म्हणून मित्रांनो, दोघींचे मीच सांगते.

आमच्या आर्गोस गावच्या आठवडी बाजारातून मारिगोने आम्हाला घरी आणले. पहिली काही वर्षे मी तिच्या दोन मुलांना वळण लावले. माझा नेम कधी चुकला नाही. आज एक डॉक्टर आहे, दुसरा निदान वेळेवर जेवायला येतो.

पुढे डोंगरात कोरलेल्या प्राचीन नाट्यगृहाच्या फाटकावर मारिगो रखवालदार झाली. टोकदार टाचांनी दगड खराब होतात, म्हणून तसल्या बुटांना आत बंदी आली. तेव्हापासून मारिगो आम्हाला पुढे करू लागली. भल्याभल्या बायका आमच्यात पाय घालून वर गेल्या! खाली येऊन स्तुती मात्र दगडांची. असतील दगड हजारो वर्षांचे, त्यांनी कधी कुणाच्या पायाचा फोड सांभाळला? आम्ही पुन्हा बाकाखालच्या पिशवीत, कांद्यांशेजारी.

मग मारिगोची नात अंथुला हिचे लग्न झाले. आमच्याकडे नवरीच्या बुटाच्या तळव्यावर बिनलग्नाच्या बायकांची नावे लिहितात. जिचे नाव झिजून पुसले जाईल, तिचे लग्न लवकर. मारिगोची धाकटी बहीण पोलिक्सेनी संग्रहालयात तिकिटे विकते. ओळखीतल्या प्रत्येक नवरीच्या तळव्यावर तिचे नाव लिहून झाले होते; पुसले एकदाही नव्हते. म्हणून या वेळी फोटोच्या निमित्ताने तिनेच नवरा-नवरीला नाट्यगृहात आणले. त्या खडबडीत पायऱ्यांपुढे शाई काय टिकणार!

"टाचा काढ," मारिगो म्हणाली.

"आजी, आज लग्न आहे माझं!"

"लग्न तुझं, दगड सगळ्यांचे."

"ताई, एकदा डोळेझाक कर की गं," पोलिक्सेनी रडकुंडीला आली.

"तुझ्यासाठी जन्मभर तेच केलं. अंथुला, सपाता घाल!"

पोलिक्सेनीने पेन काढले, मला उलटे केले आणि तळव्यावर ठसठशीत नाव लिहिले. "चल पोरी, आता पाय घासत चाल."

थोड्याच पायऱ्या झाल्या आणि माझा तळवा पुढून उकलला. अंथुला अडखळली. नवऱ्याने तिला अलगद उचलून घेतले.

"मेल्या, खाली ठेव तिला!" पोलिक्सेनी ओरडली. त्याला वाटले, मावशीआजी कौतुक करतेय. तो अगदी वरपर्यंत गेला आणि तसाच खाली आला. मी अधांतरी. नाव जसेच्या तसे.

"टाकून दे आता ती," मारिगो म्हणाली. एवढ्या वर्षांच्या चाकरीनंतर हे बक्षीस, मित्रांनो!

"माझं नाव आहे तिच्यावर," म्हणत पोलिक्सेनीने मला काखोटीला मारले आणि तडक जोडे दुरुस्त करणाऱ्या लेफ्तेरिसकडे नेले. लेफ्तेरिस विधुर, अबोल. त्याने चष्मा सावरून तळवा वाचला.

"पोलिक्सेनी कोण?"

"मी. हसायचंय का?"

"नाही बाई. पण नवा तळवा चिकटायचा तर हे घासून काढावं लागेल. चालेल?"

पोलिक्सेनीने स्टूल जवळ ओढले. "घासा," ती हळूच म्हणाली. "एक अक्षर ठेवू नका."

वर्ष उलटले नाही तोच पोलिक्सेनी नवरीच्या वेशात, लेफ्तेरिसच्या हातात हात घालून फाटकावर आली. मारिगोने सवयीने आधी पायांकडे पाहिले. पायांत आम्ही दोघी होतो. मारिगोने फाटक सताड उघडले.

तर मित्रांनो, जुनी वस्तू फेकण्याआधी एकदा दुरुस्तीला न्या. आणि वाटेत जरा केस विंचरून घ्या.