बोटाचं वजन

चिमणी ताईच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात शिरली तेव्हा तिच्या उजव्या हाताची अनामिका मधल्या बोटाला चिकटपट्टीने बांधलेली होती. ताईचं नाक एका कीबोर्डच्या पोटात खुपसलेलं, एका हातात तापलेली सोल्डर गन, दुसऱ्यात चिमटा. मान वर न करताच, डोळ्याच्या कोपऱ्यातून बोटाकडे बघत तिने विचारलं, "दारात सापडलं की काय?"

"सापडलं नाही. बांधलंय."

"कशाला?"

"जड आहे म्हणून," चिमणी म्हणाली आणि स्टुलावर बसून ढसाढसा रडायला लागली.

ताईने गन स्टँडवर ठेवली. ही धाकटी तिच्याहून चौदा वर्षांनी लहान, तिच्याच कडेवर वाढलेली. पडली तरी न रडणारी पोर. आता तिशीला टेकलेली बाई झाली, तरी नाव चिमणीच राहिलं. ती अशी रडते म्हणजे कुणीतरी जिव्हारी लागेल असं बोललेलं असणार.

बोलले होते गानवृंदाचे मास्तर. काल, चाळीस गायकांसमोर, तिला कीबोर्डवरून उठवून, सभागृहाच्या मधोमध उभं करून. रविवारच्या कार्यक्रमात एक अंगाई होती. चिमणी चार वर्षं वृंदाला साथ करत होती, आणि ही अंगाई तर तिनेच बसवली होती:

पापणीच्या उंबऱ्याशी झोपे, हळू ये गं,
पायातल्या वहाणा बाई, बाहेर ठेव गं.

त्यातल्या 'हळू' या शब्दावर मधल्या सप्तकातली पांढरी चार वाजायची. सगळं गाणं सायीसारखं चाललेलं असताना ती एकटी पट्टी मधेच 'धाड'कन ओरडायची. रोज नाही. चारदा नीट वाजायची, पाचव्यांदा घात.

"मास्तर म्हणाले, हळू म्हणताना तू दार आपटतेस. बोट आहे का हातोडा? म्हणाले, रविवारी साथ मोबाईलवर वाजवू, मोबाईलला निदान लाज असते." चिमणीने नाक पुसलं. "सहा आठवडे त्या एका बोटाला वळण लावतेय गं. टेबलाच्या कडेवर, मांडीवर, बसमध्ये समोरच्या सीटच्या दांड्यावर. नाही हलकं होत. मी सोडते आता वाजवणं. वाद्यही देऊन टाकते."

ताईच्या कानशिलाची शीर उडायला लागली. राग तिला असाच यायचा, कानापासून. पण त्या रागाला आत एक काटा होता. सहा आठवड्यांत चिमणीने तीनदा फोनवर हेच रडगाणं गायलं होतं, आणि तिन्ही वेळा ताई म्हणाली होती, "सराव वाढव, बये. बोट ऐकेल."

"घरच्या वाद्यावर होतं का असं?"

"घरचं माझं लहानपणचंच. त्यात कुठे आहे लहान-मोठा आवाज? कसंही दाबा, एकाच सुरात बोलतं."

"आणि वृंदाच्या वाद्यावर? शेजारच्या पट्टीवर तेच बोट पडलं तर?"

चिमणीने बांधलेल्या बोटाकडे बघितलं. सहा आठवड्यांत हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता, तिने स्वतःलाही नाही. "तिथे नाही होत," ती हळूच म्हणाली.

"मग बोट जड कसं? एकाच पट्टीपुरतं त्याला बाळसं येतं का?" ताई उठलीच. समोरच्या उघड्या कीबोर्डमधून तिने रबराचं एक लांबट पान सोलून काढलं आणि बहिणीपुढे धरलं. "हे बघ. प्रत्येक पट्टीखाली हा एक मऊ घुमट. घुमटात दोन काळ्या टिकल्या. पट्टी दाबली की एक टिकली खालच्या बोर्डाला आधी टेकते, दुसरी मागाहून. हे यंत्र फक्त दोघींमधला वेळ मोजतं. वेळ जास्त, म्हणजे बोट सावकाश आलं, आवाज लहान. वेळ कमी, आवाज मोठा. संपलं! बोटाचं वजन यंत्राला कळतच नाही, चिमणे. ज्याने बनवलं त्याला मोजता आलं नाही, ते तुझ्या मास्तरांना कोणत्या तराजूत मोजता आलं?"

तालीम दुपारी तीनला होती. ताईने दुकानाला कुलूप घातलं, हत्यारांची पिशवी खांद्याला मारली आणि बहिणीला हाताला धरून ओढतच नेलं. वाटेत चिमणी म्हणत होती, "ताई, भांडू नकोस हं." ताई म्हणत होती, "मी कुठे भांडतेय?" आणि हे ती इतक्या मोठ्याने म्हणत होती की पुढचा सायकलवाला वळून बघत होता.

सभागृहात खुर्च्या ओढल्याचा आवाज, घसे साफ करणं, मधल्या रांगेत कुणाचा तरी डबा. मास्तर उंच, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या नेमक्या दोन घड्या घातलेल्या. ताईचं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं, पण लहान मुलाची तक्रार ऐकावी तसं.

"बाई, बहिणीची माया मी समजू शकतो. पण वाद्य ठणठणीत आहे. मी स्वतः वाजवतो की!"

"तुम्ही वाजवता तेव्हा सगळंच मोठ्याने वाजतं, मास्तर," मागच्या रांगेतून काका म्हणाले. काका म्हणजे वृंदातला सर्वांत जुना आवाज. वाद्याची ने-आणही तेच करायचे, आणि वृंदात मास्तरांना टोमणा मारायचा हक्क तेवढा त्यांचाच होता. हशा पिकला.

मास्तरांनी तो हशा गिळला, कीबोर्डपाशी गेले आणि पांढरी चार दाबली. हळू. पुन्हा हळू. वीसदा, तीसदा. पट्टी गरीब गायीसारखी, दर वेळी मंजूळ.

"समाधान?" ते म्हणाले. चाळीस जोडी डोळे ताईकडे वळले. चिमणी भिंतीला इतकी चिकटून उभी होती की जणू भिंतीत शिरायला वाट शोधत होती.

ताई कीबोर्डपाशी गेली. तिने पांढऱ्या चारकडे बघितलं. अशी चोरटी खोड तिला ओळखीची होती. रोज न होणारा बिघाड म्हणजे आत काहीतरी सुटं आहे, हलतंय. "काका, तालमीआधी हे वाद्य कसं आणता?"

"खोलीत उभं ठेवलेलं असतं, कडेवर. उचलून आणतो आणि आडवं करतो."

"आज?"

"आज सकाळीच मांडून ठेवलं होतं, आडवंच."

"मग करा बरं परत उभं." दोघांनी मिळून ते उभं केलं. ताईने पाठीवर बोटाच्या पेरांनी चार टकटकी मारल्या, वैद्याने छाती ठोकावी तशा, आणि पुन्हा आडवं करवलं. "आता तुम्हीच दाबा, काका. मास्तर नकोत, चिमणी नको. अगदी तान्ह्या बाळाच्या गालाला लावाल तसं बोट लावा."

काकांनी बोट टेकवलं. धाड! खिडकीची काच थरथरली. मधल्या रांगेतला डबा खाली पडला.

"माझं बोटही जड झालं वाटतं," काका म्हणाले, पण या वेळी कुणी हसलं नाही.

मास्तरांनी एकदा म्हणून बघितलं, उद्या कार्यक्रम आहे, आता उघडायचं नाही, बिघडलं तर? "बिघडलेलंच आहे!" ताई कडाडली, आणि टेबलावर अंथरायला कुणाची तरी शाल मागून घेतली. कीबोर्ड पालथा घातला. लांब स्क्रू एकीकडे, आखूड एकीकडे. झाकण उघडून वरच्या बटणांकडे जाणारी चपटी तार अलगद सोडवली, पट्ट्यांची अख्खी रांग उचलली आणि मधल्या सप्तकाचं रबर सोललं. चाळीस माणसं टाचा उंच करून बघत होती.

पांढऱ्या चारच्या घुमटाखाली काळीभोर चकाकती भुकटी पसरलेली होती.

"हे बघा!" ताईने बोर्ड उजेडात धरला. "ही शिसपेन्सिल आहे. टिकल्या झिजल्या की काही दीडशहाणे त्यांच्यावर मऊ पेन्सिल घासतात. शिशातून वीज वाहते, पट्टी पुन्हा बोलायला लागते. दोन-तीन महिने, फार तर वर्ष-दोन वर्षं. मग शिसं झडतं, वाद्य उभं-आडवं केलं की आतल्या आत सरकतं आणि दुसऱ्या टिकलीच्या जागी पूल बांधून बसतं. मग पहिली टेकली रे टेकली की यंत्राला वाटतं, दुसरी आधीच पोचलीय, मधे वेळच गेला नाही. म्हणजे केवढ्या जोराने मारलं असेल! आणि मग ते ओरडतं. चिमणीच्या बोटाने नाही, या भुकटीने! कोणी केला हा भोंदूपणा? कोणी?"

सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांचा चेहरा उतरला. "मी कशाला उघडीन? मला रेडिओची पिन लावता येत नाही."

"बाई," काका खाकरले. "आजवर हे एकदाच उघडलंय. दोन वर्षांपूर्वी. मीच खांद्यावर घेऊन गेलो होतो. तुमच्याकडे."

ताईने रबर उलटं केलं. टिकलीवर उभ्या-आडव्या बारीक रेघा, डाळीच्या चाळणीसारख्या. पेन्सिल अशी कोण फिरवतं ते तिला विचारावं लागलं नाही.

सगळं आठवलं. कंपनीला तिने तीन पत्रं लिहिली होती. उत्तर आलं, रबर सुटं मिळत नाही, अख्खा बोर्ड घ्या; बोर्ड मागितला, तर हे मॉडेल बंद झालंय, नवं वाद्य घ्या. चार आण्यांच्या मोलाचं रबर, आणि त्यापायी धडधाकट वाद्य भंगारात! किती संतापली होती ती तेव्हा. वृंदाचा कार्यक्रम तोंडावर आलेला. मग तिने पेन्सिल घेतली. "तात्पुरतं आहे काका, तीन महिन्यांनी आणा, तोवर मी कुठून तरी रबर मिळवते."

"तुम्ही सांगितलं होतंत," काका म्हणाले. "पण वाजत होतं ना झकास. मग म्हटलं, चांगल्या वाद्याला कशाला दवाखान्यात न्या?"

आणि ताईनेही रबर शोधलं नव्हतं. वाजणारं वाद्य कारागिराच्या डोक्यातून दाराबाहेर पडतानाच उतरतं. तिने ते कुठे लिहूनही ठेवलं नव्हतं, ना वाद्याच्या पोटात चिठ्ठी, ना वहीत ओळ.

बोलली नसती तरी चाललं असतं. काका एकटे होते, म्हातारे होते, विसरभोळे ठरले असते. ताईने घसा साफ केला.

"ही पेन्सिल माझी आहे," ती म्हणाली. "मघाशी मी भोंदू म्हणाले ना, ती मीच."

मास्तरांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "म्हणजे चूक तुमची! आणि तासभर तुम्ही माझ्यावर डाफरताय?"

"डाफरणारच. माझी चूक रबराखाली होती, मलाही दिसत नव्हती. तुमची चाळीस माणसांसमोर झाली. मला निदान यंत्राने फसवलं. तुम्हाला कुणी फसवलं? शेजारची पट्टी एकदा दाबून बघावीशी वाटली नाही. माणसाचं बोट तोडायला निघालात, पण चार स्क्रू काढायला नाही!"



ताई खाली वाकली. हत्यार हाती आलं की तिचे हात तिचं ऐकत. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापडाने तिने बोर्ड पुसला, एकदा, दोनदा, कापड पांढरं निघेपर्यंत. झिजलेलं रबर परत त्याच जागी घालायचं नव्हतं. तिने वरच्या टोकाकडून मोजून दुसऱ्या सप्तकाचं रबर काढलं. अगदी टोकाच्या रबरात एक घुमट जास्त असतो, ते मधे बसत नाही. त्या उंचीवर वृंदातलं कुणी कधी फिरकत नसे, टिकल्या नव्यासारख्या होत्या. ते मधे आलं. मधलं, स्पिरिटने धुऊन, वर गेलं. मग पट्ट्या, तार, झाकण, लांब स्क्रू, आखूड स्क्रू. या वेळी झाकण लावण्याआधी तिने आत चिठ्ठी चिकटवली: काय केलं, कधी केलं, काय राहिलं.

"बसा," मास्तर चिमणीला म्हणाले. कालपर्यंत तिला 'बस' म्हणायचे.

चिमणी भिंतीपासून सुटली, पण कीबोर्डकडे गेली नाही. सभागृहाच्या मधोमध आली.

"काल मी इथे उभी होते, मास्तर. तुम्ही तिथे होतात. आणि तुमचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला होता."

मास्तरांनी बाह्यांच्या घड्या चाचपल्या. "माझं चुकलं," ते म्हणाले.

"ऐकू आलं नाही!" मागून काका.

"माझं चुकलं! बोटात काही दोष नव्हता. मी न बघता बोललो."

चिमणीने मान डोलावली आणि मग ती ताईकडे वळली. आता तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ठिणगी होती. "आणि तू? तीन फोन केले मी तुला. जगभरच्या पेट्या उघडून बघतेस. माझ्या वेळी म्हणालीस, सराव वाढव."

"चिमणे, मी—"

"आत्ता नको. आत्ता बाहेर जा. तू समोर उभी राहिलीस तर मी वाजवणार नाही, तुझ्याकडेच बघत बसेन, आणि मला चिडायचंय तुझ्यावर अजून. जा."

ताई गेली. पिशवी खांद्याला मारून मुकाट गेली, शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारखी. बाहेरच्या अरुंद बोळात बादली, पोछा, मोडकी खुर्ची. ती उभीच राहिली. आत सूर धरला गेला. अंगाईच होती.

बरोबर आहे तिचं, ताईने स्वतःला सांगितलं, आणि ते बरोबर होतं म्हणूनच झोंबत होतं. मग राग जायला दुसरी वाट शोधू लागला आणि त्याला कंपनी सापडली. उद्याच लिहिते, ती मनात म्हणाली. तीन नाही, तीस पत्रं लिहिते. महाशय, आपण बनवलेल्या वाद्याचं हातभर रबर आपण विकत नाही, त्यामुळे एक बाई आपल्या बोटाला गुन्हेगार समजून सहा आठवडे... नाही, महाशय नको, महाशय कशाला. नुसतं लिहायचं, तुम्ही. तुम्हाला लाज कशी वाटत नाही, की चांगल्या हातांनी पेन्सिल उचलावी लागते, आणि मग ती उचललेली...

इथे वाक्य अडलं. पेन्सिल उचलणारीचं काय, तेही त्या पत्रात यायला हवं होतं. ते कसं लिहावं, याच्याशी ती झटत राहिली, ओठ हलत, मूठ वळत, आणि आत गाणं चालत राहिलं.

भानावर आली तेव्हा आत वृंद दुसऱ्या कडव्यावर पोचला होता. 'हळू' येऊन गेलं होतं. कधी, ते तिला कळलंच नव्हतं.